मरतुकीची भर

भांडगाव, मंगळवार

प्रिय प्रगती,

अम्मीनं तुला सलाम सांगितलाय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणतेस आणि मी खरंच जाऊ देते. म्हणून लिहायला बसले. मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, सकाळी मत्स्यबीज केंद्रावर वेळेत हजर असते. हौदावर खाद्य टाकलं की पिल्लं वर येतात, मी बघत उभी राहते. गेल्या महिन्यापासून नोंदवही माझ्याकडे आलीये, पिल्लांच्या पिशवीवरची प्रत्येक चिठ्ठी आता माझ्या सहीनं जाते. ही बातमी तुला तेव्हाच द्यायला हवी होती, पण दिली नाही.

परवा सणसवाडीला जाऊन तुझ्या भावाला भेटले. माऊली पत्र्याच्या एका खोलीत राहतो, सोबत बिहारकडचे तिघे. हिंदी फाडफाड बोलायला लागलाय. चहा त्यानंच केला, कंपनीतल्या शिफ्टचं सांगत बसला. निघताना एवढंच म्हणाला, "आप्पा इचारत्यात का माझं?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. त्याआधी वडगावला तुझ्या माहेरी गेले होते, तर आप्पांनी मला लेक म्हणून हाक मारली, पुढ्यात भाकरी ठेवली, आणि माऊलीचं नाव निघताच उठून मेंढ्यांकडे गेले. चार महिने झाले, बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत.

शेततळ्याची हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. आप्पांनी रोहू-कटल्याची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, आमच्याकडूनच नेली होती. दहा महिन्यांनी जाळं ओढलं तर निम्मी नदीतली चिलापी, तळहाताएवढी, आणि तिच्या पिल्लावळीनं पाणी गच्च भरलेलं. रोहूच्या वाट्याला खाद्यच उरलं नव्हतं. तक्रार आली की आम्ही बियाण्याचा माग काढतो: चिठ्ठीवरून हौद, हौदावरून नर-मादी कुठले तेही. आप्पांच्या तळ्यावर मलाच पाठवलं. चिठ्ठी चोख निघाली. तिसरा हौद, निखळ रोहू-कटला. मग चिलापी आली कुठून? माऊली भीमेत गळ टाकायचा आणि जिवंत मासे बादलीतून घरी आणायचा, हे सगळ्या गावाला माहीत. तो परत परत सांगत होता, "म्या न्हाई सोडली." आप्पा म्हणाले, "मंग चिठ्ठी खोटं बोलती व्हय?" दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन निघून गेला.

चिठ्ठी खोटं बोलत नव्हती गं. पण पिशवी बांधताना, वाटेत काही पिल्लं मरणारच म्हणून, आम्ही दोन वाट्या जास्त घालतो. तिला मरतुकीची भर म्हणतात, आणि भर कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक आप्पा होते. माझा हात कसला आखडतोय! दरेक पिशवीत दोनाच्या चार वाट्या घातल्या, आणि हाताशी होता म्हणून पाचव्या हौदातून घातल्या. त्या हौदात नदीचं पाणी घेतात. घाईत वाटीत काय आलं ते पाहिलं नाही. पुढे उन्हाळ्यात तो हौद उपसला तर तळाशी चिलापीच चिलापी. पण उपसायची वाट कशाला बघायला हवी होती? तळ्याकाठी चिठ्ठी हातात धरून उभी असताना, माऊली माझ्याकडे बघत असताना, मला ती भर आठवली होती. बोलले नाही. दातखीळ वगैरे काही बसली नव्हती, बोलता आलं असतं. मला याची लाज वाटते हे मला कळतं, पण रडू येत नाही. दाढ काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तशी वावरतेय.

आज नोंदवहीत आप्पांच्या चिठ्ठीसमोर मी ती भर लिहिली, हौदाचा आकडा घातला आणि वही साहेबांपुढे ठेवली. ते काय करायचं ते करतील. आप्पांपुढे मात्र माझ्यानं उभं राहवणार नाही. ते पुन्हा लेक म्हणतील आणि मी पुन्हा गप्प बसेन. तेवढ्यासाठी हे पत्र. रविवारी माहेरी जा. माऊलीला बोलावून घे, बापलेकांना समोरासमोर बसव आणि हे सगळं मोठ्यानं वाचून दाखव. आप्पा मध्येच थांबवतील, म्हणतील, पोरीनं मायेपोटीच घातलं, तिचं नाव कशाला. तुलाही तसंच वाटेल. तरी वाचताना माझं नाव गाळू नकोस.

एवढं वाचूनही म्हणू दिलंस तर, तुझीच
राबिया