तिसरा मुकुट उलटा

२९ ऑक्टोबर

नाही दिली! नाही म्हणजे नाही!

धाकटा दीर वैनो दारात उभा. टोपी हातात, चेहरा असा की माझ्यावर उपकार करायलाच आलाय. "वहिनी, बंदूक कॅम्पाची. शिकार उघडायच्या आत भिंतीवर आली पाहिजे." म्हटलं, नवरा माझा, बंदूक त्याची, तुझी भिंत गेली खड्ड्यात. तर म्हणतो, "बाबांचा नियम आहे. फिनिश बंदूक फिनिश रक्ताकडेच." आणि माझं रक्त काय ताक आहे? आई स्वीडिश होती, म्हणून मी अर्धी बाटलेली! इतकी वर्षं यांच्या शिकारीच्या कॅम्पात मांस-बटाटा भरलेल्या टोपलीभर पास्ट्या मी पाठवल्या. तेव्हा पिठात स्वीडिश हात चालला. मिटक्या मारत खाल्ल्या मेल्यांनी.

मे महिन्यात माझा रेइनो गेला. इथे मिशिगनमध्ये हरणांची शिकार पंधरा नोव्हेंबरला उघडते. त्या सकाळी मला त्याच्या मचाणावर त्याची बंदूक घेऊन बसायचंय. एवढंच. दुसरं काही मागणं नाही माझं. परवाना काढून आलेसुद्धा. बंदूक मला त्यानेच शिकवली, आणि वैनोपेक्षा माझा नेम बरा आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे.

३० ऑक्टोबर

रागाच्या भरात वेलदोड्याचे पाव केले. इतके झाले की खाणार कोण!

आईचा चांदीचा कॉफीचा चमचा सापडत नाहीये. गेल्या हिवाळ्यात रेइनो खोकल्याचं औषध घ्यायला तो घेऊन गॅरेजमध्ये जायचा. घरातली ऊब सोडून गॅरेजमध्ये! म्हणे तिथे कमी कडू लागतं. पुरुषांचं काही सांगू नये.

१ नोव्हेंबर

बंदूक कपाटातून काढून मांडीवर घेतली.

हिच्यावर कारखान्याचं नावच नाही. आहे ते कॅटलॉगवाल्या दुकानाचं. पन्नास-पंचावन्नच्या सुमारास सासऱ्यांनी ती टपालाने मागवली. तेव्हा ही दुकानं माल बाहेरून आणायची, कधी फिनलंडचा, कधी स्वीडनचा, कधी बेल्जियमचा, आणि वर नाव आपलं ठोकायची. सासरे म्हणाले फिनलंडची. झालं, विषय संपला. तांब्याच्या खाणीत जन्म घालवलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार?

पण काय वस्तू आहे! अक्रोडाचा दस्ता, मानेशी बारीक, अगदी मुठीत बसणारा. जिथे हात धरतो तिथली नक्षी झिजून गुळगुळीत. आधी सासऱ्यांचा हात, मग रेइनोचा. आणि बोल्ट, गोळी नळीत सरकवणारी ती दांडी! ओढला की आवाज नाही, आडकाठी नाही. आताच्या बंदुका बघा, खडखड खडखड, जुन्या ट्रंकेची कडी जशी. रेइनो म्हणायचा, "जुनी बंदूक ओळखायची तर नाव वाचू नये. डोळे मिटावे आणि बोल्ट ओढावा."

मिटले डोळे. ओढला बोल्ट. रडू आलं, दुसरं काय होणार!

दवाखान्यात शेवटी शेवटी म्हणाला होता, "मी गेल्यावर एकदा बंदूक दस्त्यातून काढून पुसून घे. तूच. वैनोला हात लावू देऊ नकोस." लोक अशा वेळी प्रेमाचं काहीतरी बोलतात. आमच्या ह्यांनी साफसफाई सांगितली!

३ नोव्हेंबर

पुसली. आणि काय निघालं बघा!

खालचे दोन स्क्रू काढले, नळी दस्त्यातून उचलली, उलटी केली. एरवी लाकडाखाली झाकलेला भाग. तिथे मुकुट! बारके बारके तीन. दोन सरळ, तिसरा उलटा. मी हे मुकुट ओळखते! आईच्या चमच्याच्या पाठीवर हेच आहेत. गॅरेज पालथं घालून चमचा शोधला (खिळ्यांच्या डब्यात! चांदीचा चमचा!), शेजारी धरला. तेच, फक्त चमच्यावर तिन्ही सरळ. तीन मुकुट म्हणजे स्वीडन, दुसरं कोणी नाही. फिनलंडला मुकुट कुठला? राजाच नाही तर!

सासऱ्यांची बंदूक स्वीडिश!

हसून हसून खुर्चीवरून पडायचीच राहिले. कारण सासऱ्यांचा आणखी एक नियम आहे. स्वीडिश वस्तू कॅम्पाच्या कुंपणाच्या आत येता कामा नये. वैनोच्या जावयाकडे स्वीडिश गाडी आहे. बिचारा ती हमरस्त्यावर उभी करतो आणि बर्फातून पिशव्या ओढत चालत येतो. आता भिंतीवर लाव म्हणावं बंदूक!

६ नोव्हेंबर

आज चर्च सुटल्यावर वैनोच्या स्वयंपाकघरात निवाडा झाला. एल्मा, म्हणजे वैनोची बायको, माझी धाकटी जाऊ, कॉफी ओतत होती आणि गालातल्या गालात हसत होती. मी टेबलावर एका बाजूला नळी ठेवली, दुसऱ्या बाजूला चमचा. वैनोने भिंग घेतलं. तोंड खर्रकन उतरलं. मग सावरला.

"फिनलंडला राजा होता."

"कधी रे?"

"एकोणीसशे अठरा साली. एका जर्मन राजपुत्राला निवडलं होतं."

"तो आलाच नाही! दोन-तीन महिन्यांत नको म्हणाला!"

"म्हणूनच!" वैनोने टेबलावर मूठ आपटली, कॉफी सांडली. "म्हणूनच तिसरा मुकुट उलटा!"

खरं सांगू? क्षणभर मलाही पटलं.

तौनोकाका कोपऱ्यात बसले होते. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, नव्वदीला टेकलेत, ओरडलं तरच ऐकू येतं. कॅम्पात त्यांचा शब्द शेवटचा. ओरडले, "कोण आला नाही?"

"राजा, काका, राजा!"

"मग त्याची पास्टी मला वाढा."

वाढली. ती संपवून काकांनी नळी नाकाशी नेली. बराच वेळ हुंगत राहिले. "बूटपॉलिश," काका म्हणाले. "बूटपॉलिशचा वास येतोय. बंदुकीच्या पोटाला पॉलिश! जिथे कोणी बघणार नाही तिथेसुद्धा नट्टापट्टा! स्वीडिशच आहे. फिनिश माणूस असलं करायचा नाही."

झालं! निकाल लागला!

वैनो खुर्चीत बसला तो बसलाच. "म्हणजे बाबांनी आयुष्यभर..." एल्मा म्हणाली, "म्हणजे आपल्या लग्नात वाढलेलं हरीणसुद्धा स्वीडिश!" कोणीच हसलं नाही. वैनोचे डोळे भरले होते. मला मेलीला उगाच वाईट वाटलं.

८ नोव्हेंबर

वैनो आला. कानस घेऊन!

"वहिनी, थोडं घासू. कोणाला कळतंय?" म्हटलं, बंदुकीला कानस लावलीस तर तुझ्या कानाला लावीन. कानस खिशात घातली. मग पायरीवर बसून वेलदोड्याचा अख्खा पाव संपवला आणि उठताना हळूच म्हणाला, "ठीक आहे. बंदूक तुझी. पण स्वीडिश बंदूक कुंपणाच्या आत येणार नाही, वहिनी. मचाणाचं विसर."

गाढव मी! हे कसं सुचलं नाही? जिंकले ती नेमकी उलट्या बाजूने जिंकले! बंदूक फिनिश असती तर हातात नाही, आणि स्वीडिश आहे तर आत नाही. सासरे वरून बघून हसत असतील.

१० नोव्हेंबर

परवाना फ्रिजवर चिकटवलाय. बघवत नाही. वर कॅलेंडर लटकवलं.

१२ नोव्हेंबर

बंदूक नाही तर नाही, नुसतं मचाण तरी बघून येऊ म्हणून दुपारी निघाले. पोटरीभर बर्फ. कुंपणाच्या कडेकडेने गेले. मचाण जुन्या जागी नाहीच!

मग आठवलं. गेल्या वर्षी पानगळीत त्याने ते हलवलं होतं. धाप लागायची त्याला, तरी एकेक फळी ओढत ओढ्यापलीकडे नेली होती. वैनो तेव्हा किती हसला होता! "रेइनो, म्हातारचळ लागला का तुला? तिकडे हरणं फिरकत नाहीत." हा म्हणाला होता, तुमचं घोरणं ऐकू येत नाही तिथे.

ओढ्याच्या अलीकडे कुंपण. पलीकडे कागद कंपनीचं रान, तिथे कोणीही बसावं. मचाण बाहेर आहे! अख्खं बाहेर! वाकून वाकून चारही पाय तपासले. चारही बाहेर!

त्या घोरण्याचं भलं होवो.

१५ नोव्हेंबर

बसले!

त्याची जागा, त्याची बंदूक, त्याचा लोकरीचा कोट. फटफटलं तेव्हा एक शिंगवाला नर ओढ्यावर आला. म्हणजे हरणं फिरकतात तर! खटका सरकवला, नेम धरला, चापावर बोट ठेवलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. नाही ओढला चाप. आज नाही म्हटलं. आज बसायलाच आलेय.

नंतर वैनो आला. कुंपणाच्या आत उभा राहिला, थर्मास काखेत. मग म्हणाला, "वहिनी, एकदा बोल्ट ओढू?"

"मी आत येऊ शकत नाही. बंदूकही नाही."

कुंपण ओलांडून तोच बाहेर आला. विजार फाटली तारेत. बंदूक घेतली, डोळे मिटले, बोल्ट ओढला. परत ओढला. "स्वीडिश असली तरी," म्हणाला, आणि नाक पुसत परत गेला. थर्मास विसरला. मुद्दामच असेल.

१६ नोव्हेंबर

बंदुकीचं तेल शोधत होते. रेइनोच्या मासेमारीच्या पेटीत, सगळ्यात खाली, बूटपॉलिशची डबी. शेजारी एक जाड खिळा, टोक कानशीने कोरलेलं. टोकावर बारकासा मुकुट. आणि गळाला लावायची शिशाची वजनं, प्रत्येकावर सरावाचे मुकुटच मुकुट. निम्मे उलटे. चमचा औषधाला म्हणे, मचाण घोरण्यामुळे म्हणे, आणि नवे ठसे जुने दिसायला बूटपॉलिश!

अरे मेल्या, निदान तिसरा तरी सरळ मारायचास!