काचेवरची पालघट

प्रिय आये,

शनिवारी मीनलचं लग्न लागलं. तुझ्या नातीचं! इथेच मिशिगनमध्ये, नोव्हाय गावच्या एका हॉलमध्ये. फोन करून सगळ्यांना सांगून झालं, पण जिला सांगायला जीव तडफडत होता ती तूच नाहीस. म्हणून लिहिते. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. माझी पत्रं बाबाच तुला वाचून दाखवायचे. आता दोघं एकाच ठिकाणी आहात, त्यांनाच सांग.

आये, लग्नात आपला देवीचा चौक होता. काचेचा! आणि तो मी केला होता.

माझं काचकाम तुला कधी पटलंच नाही. "एवढी शिकलीस नि बांगड्या करतेस?" असं फोनवर म्हणायचीस. बांगड्या नव्हत्या गं त्या, फुलदाण्या होत्या! लोक आवडीने न्यायचे. पण खरं सांगू? त्या कुणीही केल्या असत्या तरी तशाच दिसल्या असत्या.

मला काच शिकवणारी लोरेन तुला आवडली असती. ती इथल्या मूळच्या लोकांतली, या तळ्यांकाठची. तिची आजी झाडाच्या सालीच्या टोपल्या विणायची. लोरेन तशाच टोपल्या भट्टीतल्या काचेच्या घडवते. एकदा माझी फुलदाणी हातात घेऊन तिने विचारलं, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस? तुझी आई काय करायची?"

मी म्हटलं, माझी आई लग्नं लावायची. गाऊन! आम्ही वारली. आमच्यात भटजी नसतो, धवलेरी असते. भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी मांडतात, आणि धवलेरी गाऊन तिला बोलावते. लोरेन एवढंच म्हणाली, "मग फुलदाण्या कशाला करतेस?"

मीनलचं ठरलं तेव्हा मी गेरूच्या रंगाची काच आणली. पांढऱ्या काचेची पूड पाण्यात, डिंकात कालवली, तू तांदळाचं पीठ कालवायचीस तशीच. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आणि चौक काढायला घेतला. पहिली काच भट्टीत तडकली. दुसरी टिकली. पण मधली देवीची जागा मी रिकामीच ठेवली. हात धजेना. आपली देवी काचेवर बसेल का? कुणाला विचारू? तू तर नाहीस!

शेवटी जानकीमावशीला व्हिडिओ कॉल केला. तुझ्या जोडीने गाणारी आता तीच उरली आहे. म्हातारी फोनच्या अगदी तोंडाशी येऊन म्हणाली, "भिंत मातीची का काचंची, देवीला काय त्याचं? पण गाणार कोण, ते सांग!"

मी म्हटलं, "मी गाईन."

आये, तू मला का नाही गं शिकवलंस? मी शेजारी येऊन बसले की म्हणायचीस, "जा, पुस्तकातलं पाठ कर." मला वाटायचं, माझा गळाच बरा नसणार. मावशी काय म्हणाली ठाऊक आहे? "तुझी आय म्हणायची, पोरीचा गळा माझ्याहून गोड हाय. पण गाण्यात अडकली तर साळा सुटंल." हे मला तू का नाही सांगितलंस? एकदा तरी!

बाहेर बर्फ पडत होता आणि मी मावशीसमोर बसून गाणी घोकत होते. जिथे चुकायचे तिथे ती हसायची. आणि मग मी देवी काढली.

विहीणबाई पुण्याच्या, स्वभावाने चांगल्या. हॉलमध्ये म्हणाल्या, "अय्या, तुम्ही म्हणजे ते वारली पेंटिंगवाले ना?" मी म्हटलं, "हो ताई. पण पेंटिंग नंतरचं. आधी हे लग्नाचं असतं. बसा, ऐका."

चौकावर कापड होतं. मी गायला लागले. पहिल्या दोन ओळी थरथरल्या, मग गळा सुटला. मीनलने कापड बाजूला केलं, काचेतून उजेड आला आणि देवी दिसली. विहीणबाईंनी डोक्यावर पदर घेतला. लोरेन मागे उभी राहून डोळे पुसत होती.

जेवणाच्या वेळी एक गॅलरीवाली पाहुणी माझ्याकडे आली. तिला तो चौक प्रदर्शनासाठी विकत हवा होता. मी काही बोलायच्या आत मीनल पुढे झाली. तुझी नात, जी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते! "सॉरी, इट्स नॉट फॉर सेल," ती म्हणाली. "दॅट्स अवर देवी. माय ग्रँडमदर सँग फॉर हर."

आये, इतक्या परक्या लोकांत तुझं नाव असं निघालं! माझी मान इतकी ताठ कधीच झाली नव्हती.

मावशीकडे अजून खूप गाणी आहेत आणि ती थकली आहे. उन्हाळ्यात मी मीनलला घेऊन गावी येते, मावशीच्या ओट्यावर मुक्काम करते. जेवढी येतात तेवढी सगळी शिकून घेते. आणि माझ्या शेजारी कुणी ऐकायला बसलं, तर त्याला उठवणार नाही. वचन!

तुझी धवलेरी लेक,
सुमन