बांधावरचा पहारा

छावणी, दक्षिण सुदान
२ ऑगस्ट

ती. ताईस निळ्या टोपीसकट सा. न. वि. वि.

फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. इथे दोन जमाती एकाच विहिरीवर पाणी भरतात आणि मधे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतला तुझा भाऊ बंदूक घेऊन उभा. भांडण बंद! सुट्टीत बाबांना आणि काकांनाही असंच सरळ केलं की नाही? वर्षानुवर्षं तोंड फिरवून बसलेले दोघे भाऊ, माझा युनिफॉर्म बघून गुमान एकमेकांच्या खाचरात लावणीला उतरले. मी बांधावर शिट्टी घेऊन उभा. सावड टिकलीय ना गं? कापणीलाही दोन्ही घरं एकमेकांकडे राबली नाहीत, तर आईच्या कंबरेचं काही खरं नाही.

बढाईखोर भावावर माया असू दे.
मनोज

कडाव
२४ ऑगस्ट

चि. मनोजास अ. आ.

शांतिदूत महाराज, तुमची रिक्षा स्टेशनाकडे वळली आणि काकांनी बांधाचं तोंड बुजवलं. आमचं पाणी अडलं, सावडही मोडली. आता आई आणि मी दोघीच शेतात वाकतोय.

तू होतास तेव्हा त्यांची एकी होती रं, पण ती तुझ्याविरुद्ध. तू शिट्टी फुंकलीस की काका डोळा मारायचे आणि बाबा हसायचे. इतक्या वर्षांनी दोघांना हसताना बघून मला रडू आलं. बाबा काहीतरी बोलायला वळले, तर तू ओरडलास की बोलणं बंद, लावणी चालू. भांडण कशावरून ते एकदा तरी विचारलंस का?

शहाणा हो, जिवाला जप.
अक्षदा

छावणी
१९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र तंबूत मोठ्याने वाचलं. हवालदार नवनाथ पोट धरून हसला, मग त्याने ते मागून घेऊन पुन्हा वाचलं. आमची तुकडी पुढच्या महिन्यात निघतेय. इतके दिवस पहारा दिला, पण भांडण कशावरून ते आम्हीही विचारलं नव्हतं.

काल दुभाषी घेऊन विचारलं. दोन्हीकडच्या बायका एकदम बोलत सुटल्या! मी इतका घाबरलो की नवनाथच्या मागे लपलो. मिटलं काहीच नाही. पण उद्या पुन्हा बसू, असं त्याच म्हणाल्या, आणि मला मधून बाजूला व्हायला सांगितलं. आम्ही गेल्यावर इथे रक्त सांडलं तर मला कळणारसुद्धा नाही, ताई. फार भीती वाटते.

घरचं तरी कळेल. बाबांना काकांच्या ओसरीवर पाठव. पोटभर भांडू दे दोघांना. आवाज चढला तर मधे पडू नकोस. गप्प झाले, तर मात्र लगेच कळव.

तुझा भित्रा भाऊ,
मनोज