पहिल्या रांगेतल्या मुली

भोर, गुरुवार, फेब्रुवारी १९३९

संस्थानाने शाळेची ग्रँट कापली, म्हणून उद्या कचेरीवर मिरवणूक. पुढे कोण? तर शाळेतल्या मुली! ही अक्कल आमच्या ह्यांची.

शिवऱ्याचा म्हादू ओसरीवर विचारत होता, "वकीलसाहेब, माझी पोर म्होरं उभी करतो, पर तिला लाठी न्हाई ना बसणार?"

"लहान मुलींवर पोलीस हात उचलत नाहीत," हे म्हणाले.

म्हादू उठला तसे हे स्वयंपाकघरात आले. आवाज एकदम खाली. "आपल्या कुसुमला उद्या पाठवू नकोस. ताप आहे म्हणून सांग."

संतापच आला. लेकीच्या कपाळाला हात लावला. गार. म्हादूला हाक मारायला दारापर्यंत गेलेही. मारली नाही.

परत येऊन पुन्हा तिचं कपाळ चाचपलं. थोडं तरी गरम लागावं म्हणून.