बाटलीतली केळ

डोंबिवली, मंगळवार, १२ सप्टेंबर १९८९

कोंब आला! केळीच्या गाभ्याचा नखाएवढा तुकडा, जॅमच्या बाटलीत, मातीशिवाय, आणि त्याला हिरवागार कोंब! मोठमोठ्या प्रयोगशाळांत चालतं ते टिश्यू कल्चर माझ्या स्वयंपाकघरात जमलं. कुकरमध्ये वाफवलेली बाटली, चायना ग्रासची जेली, साखर आणि कॉलेजातून आणलेली औषधं. आधीच्या सगळ्या बाटल्या बुरशीने खाल्ल्या. ही एकच वाचली. पण वाचेल ना?

सासूबाई पहिल्यापासून म्हणतायत, "अगं, बाटलीत मुरांबा होतो, झाड कसं होईल?" आज सकाळी कोंब दाखवला तर नुसतं "हं" म्हणाल्या. मला रागच आला.

संध्याकाळी कल्याणहून कॉलेज आटपून आले ती थेट बाटलीकडेच. आणि कोंबाच्या शेजारी काळा ठिपका! बुरशी. संपलं सगळं. बाटली खिडकीशी नेऊन फिरवली, तर ठिपका काचेच्या बाहेरून! बोट लावलं तर बोटाला काजळ.

"तीट लावलीय," सासूबाई आतून म्हणाल्या. "नवा जीव आहे. तू आपली शेजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवतेस."

मला हसू आवरेना. वनस्पतिशास्त्र शिकवते मी!

माझ्या बोटाने ठिपका फिसकटला होता. त्यांच्याकडून काजळाची डबी मागून घेतली आणि पुन्हा नीट लावला. दृष्ट लागलीच तर माझीच लागेल. आल्यापासून मीच टक लावून बसलेय.