येजो म्हटलं

६ एप्रिल १९८१, सोमवार. सिंदी (रेल्वे)

आले एकदाची! वर्ध्याहून निघालेली पॅसेंजर वाटेत कुठेही, कोणाच्याही शेतापाशी उभी राहत होती, जणू तिला खाली उतरून कापसाच्या पऱ्हाट्या बघायच्या होत्या. माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी, बाबांची काळी छत्री आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी. बरणी ट्रंकेतच सांडली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या पांढऱ्या साडीला कैरीचा वास, वा सुलोचना मेश्राम!

खोली छान आहे. घरमालकीण रुख्माबाई एकट्याच राहतात, पुढे ओसरी, अंगणात कडुनिंब. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं आणि त्यांनी मला पोरी. माठातलं पाणी घेजो, लाजू नको, म्हणाल्या. आंघोळीला दोन बादल्या मिळणार म्हणजे राजाचा थाट.

डॉक्टर बेहेरे पुण्याचे, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, साठीचे. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या ऑफिसात त्यांचा दवाखाना आहे. संमोहनाने उपचार करतात. गावात त्यांना झोपडॉक्टर म्हणतात. बाया उपचाराला आल्या की खोलीत दुसरी बाई हवी, म्हणून मला ठेवलं आहे. पेशंट डोळे मिटून जे बोलेल ते जसंच्या तसं कार्डावर लिहायचं, माझं अक्षर चांगलं आहे.

१० एप्रिल

मला वाटलं होतं, लोलक हलवतील, डोळे वटारतील. कसलं काय! खुर्ची, कुलरचा आवाज आणि डॉक्टरांचा तो दुधावरच्या सायीसारखा मऊ आवाज. दहा पायऱ्या मोजत खाली उतरवतात, काम झालं की दहा मोजत वर आणतात. बस. डॉक्टर म्हणाले ही झोप नव्हेच. पेशंटला सगळं ऐकू येतं, फक्त मन एका जागी थांबतं आणि थांबलेल्या मनाला सांगितलेलं पटतं. त्याच्या मनाविरुद्ध मात्र काहीही करवून घेता येत नाही, हे मला चार वेळा बजावलं.

काल रूपराव आले, कापसाचे दलाल, अंगाने बैल आणि दाताच्या सुईला घाबरतात. डॉक्टरांनी त्यांना मनातल्या मनात जबडा माठाच्या गार पाण्यात बुडवायला लावला. वर्ध्याहून आलेल्या दाताच्या डॉक्टराने तिथेच दाढ उपटली आणि रूपराव हूं नाही की चूं नाही. नंतर विचारत होते, काढली का हो? मी तोंडाला पदर लावून हसले. शाळेतल्या हरिदास गुरुजींचं अडखळणंही पुष्कळ कमी झालं आहे. परवा त्यांनी वर्गात सबंध कविता म्हटली आणि मग दवाखान्यात येऊन रडले.

१५ एप्रिल

काल जयंती. मिरवणुकीत नाचले, पायाचे तुकडे पडले. बाबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरी भूत, भगत, अंगात येणं काही नाही. मावशींनी मला सहज सांगितलं की कडुनिंबाखाली भर दुपारी बसू नये. मी म्हटलं, मावशी, मी बसले तर भूतच उठून जाईल. त्या काही हसल्या नाहीत.

डॉक्टरांचं लक्ष बारीक. आज विचारलं, बारा वाजले की तुमचं अक्षर का बिघडतं? मी म्हटलं, ऊन आहे ना. त्यांनी कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. खरंच, दर दुपारी बारा ते दोन माझी अक्षरं पळायला लागतात.

२१ एप्रिल

शेवटी सांगितलं. इथेही लिहून टाकते, म्हणजे सुटेन.

धाकटी कमला, सतरा वर्षांची. आमचं गाव कारंजाहून दोन मैल. अकरा मे एकोणऐंशी. दळण आणायची पाळी माझी होती आणि मी परीक्षेचं पुस्तक छातीशी धरून बसले होते. कमलाने डबा उचलला, छत्री मागितली. मी दिली नाही. बाबांची छत्री, तू मोडशील. ती म्हणाली, चाल ना मंग संग, दोघी मावतो. मी पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. दारातून ती म्हणाली, "येतो वो."

निघताना कोणी येतो म्हटलं की आपण काय म्हणतो? येजो. शत्रूलाही येजो म्हणतात. मी म्हटलं, "जाय."

हायवेवरच्या ढाब्यापाशी ट्रकवाल्यांना ती सापडली. ऊन लागलं होतं. डबा छातीशी धरलेला, पीठ सगळं सांडलेलं. छत्री तेव्हापासून मी सोबत घेऊन फिरते आणि एकदाही उघडत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, तिला तुम्ही नीट निरोप दिलाच नाही. तो देऊ या.

२४ एप्रिल

झालं. दहा पायऱ्या उतरले. खाली आमचंच अंगण, पांढरं ऊन. कमला दारात पाठमोरी. डॉक्टरांचा आवाज लांबून येत होता, बोला तिच्याशी, माफी मागा, निरोप द्या. मी माफी मागितली. मग तिने विचारलं, येतो? आणि मी म्हटलं. काय म्हटलं ते वर आल्यावर आठवेना, पण चेहरा सगळा ओला होता आणि छातीवरचं जातं उतरलं होतं.

२९ एप्रिल

पाच दिवस गाढ झोप! आज भर दुपारी बाबांची छत्री उघडून स्टेशनपर्यंत चालत गेले, उसाचा रस पिऊन आले. अक्षर बघा, कसं मोत्यासारखं. डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले, पण ते पुण्याचे, लाजले असते.

२ मे

मावशी तरी काय! घरी आले तर म्हणतात तुझी बहीण येऊन गेली. मला हसू आलं. मावशींना मी कधी बहिणीचं सांगितलं नाही. कोणी माझी मैत्रीण असेल म्हणून नाव विचारलं, तर मावशींनी सांगितलं ते असं:

"तुही लहानी बहीणच होती ना वो. तोंडवळा तुहाच. लय तहानली होती, अर्धा माठ पाणी पेली. येतो म्हणे, त म्या म्हटलं येजो माय."

ओसरीवर पांढरी धूळ होती. बोटाला लावून बघितली. धूळ नाही. पीठ.

४ मे

डॉक्टरांचं म्हणणं, मावशींच्या कानावर कुठून तरी माझी गोष्ट गेली असेल. दवाखान्यातली गोष्ट गावात फिरायला वेळ लागत नाही. पटलं. पटवून घेतलं. पण ते बाहेर गेल्यावर कपाट उघडून मी माझंच कार्ड काढलं. माझ्या सत्राचं कार्ड त्यांनी लिहिलं आहे. शेवटची ओळ: निरोप दिला, "येजो" म्हणाली, उत्तम.

येजो.

डॉक्टर तिकडचे. त्यांनी निरोप ऐकला. पण त्या शब्दाचा अर्थ काय आहे? ये. परत ये. येत राहा. मी तिला बोलावलं आहे.

मी मेणबत्ती लावून त्रिसरण म्हटलं. भ्यायले याची लाज वाटते.

६ मे

आज साडेबारा वाजता छत्री जागेवर नव्हती. मावशी म्हणाल्या, बहिणीने मागितली, तिले काऊन नाई देवाव? आणि पुन्हा तिला येजो म्हटलं. मी ओरडले मावशींवर. तिला येजो म्हणू नका! त्या घाबरून बघत राहिल्या. म्हणाल्या, दारातल्या पोरीले जाय कोण म्हणते वो बाई?

मी म्हटलं होतं, मावशी. एकदाच.

७ मे

डॉक्टरांना म्हटलं, मला परत खाली न्या. मला तिला जाय म्हणायचं आहे. त्यांनी नेलं. अंगण. पांढरं ऊन. यावेळी ती पाठमोरी नव्हती. ओठ फुटलेले, भुवयांवर पीठ. छत्री मिटून हातात. ती म्हणाली, येतो. डॉक्टर म्हणत होते, बोला, जा म्हणा, जा म्हणा. माझं तोंड उघडेना. दोन वर्षं त्या एका शब्दाने मला खाल्लं आहे. तोच शब्द तिच्या त्या तोंडाकडे बघून—

म्हटलं. येजो म्हटलं.

वर आले तेव्हा डॉक्टर कपाळ पुसत होते. म्हणाले, "सुलोचनाबाई, मी सांगितलं होतं ना, मनाविरुद्ध इथे काही घडत नाही. ती तुम्हालाच हवी आहे."

मी विचारलं, मग मावशींना ती कशी दिसते? ते पेशंटच्या बाकड्याकडे बघत होते. बाकड्यावर पिठाचा हात उमटलेला होता, पाची बोटं.

८ मे

दवाखाना बंद. डॉक्टर पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले, दारावर चिठ्ठी, प्रकृती बरी नाही. लहानू हमालाने त्यांचं सामान गाडीत चढवलं. त्याने सांगितलं, डॉक्टर फलाटावर कोणाशी तरी बोलत होते, समोर कोणी नव्हतं. निघताना टोपी काढून म्हणाले, या.

या! तेही म्हणाले! भल्या माणसांची जीभ वळतेच तशी.

९ मे

बारा वाजले. कडुनिंबाखाली. छत्री मिटलेली. ऊन तिच्या अंगावर पडतं पण सावली—

मावशी भगताला आणू का म्हणतात. बाबा काय म्हणतील? नको म्हटलं. दार लावून बसले. दाराच्या फटीतून गरम वारा, दळणाचा वास. खूप ओळखीचा. रडू आलं. भीतीचं नाही. खरं सांगायचं तर भीतीचंच फक्त नाही.

१० मे

आज ओसरीवर. एवढंच म्हणते, चाल ना. चाल ना मंग. रागाने नाही. तेव्हा म्हणाली होती तसंच.

आरशात बघून जाय म्हणायचा सराव केला. शंभर वेळा. आरशाला म्हणता येतं.

गावी परत जावं. गाडी सकाळची आहे. उद्या नक्की—

११ मे, सोमवार

गाडी चुकली. चुकली नाही. मी गेलेच नाही.

पावणेबारा. दार उघडं आहे, मीच उघडलं. उंबऱ्यावर ती उभी आहे, छत्री उघडून. तिने पहिल्यांदाच उघडली. एका बाजूला सरकून, अर्धी जागा रिकामी ठेवून. दोघी मावतो म्हणते. मावतो गं कमे. तेव्हाही मावलो असतो.

डॉक्टर खरं बोलले. मनाविरुद्ध काही नाही.

मी पायऱ्या मोजते आहे. कधी सुरू केलं कळलं नाही. सात. आठ. बाहेर पांढरं—

एकच राहिलं. मावशी चुलीपाशी आहेत. त्यांना सांगितलं, मावशी, येतो. आणि हात जोडून म्हटलं, एवढं ऐका, मला जाय म्हणा. येजो म्हणू नका. नाहीतर मीही दर दुपारी तुमच्या ओसरीवर, तहानलेली—

नऊ—

मावशींनी पदराला हात पुसले. हसल्या. असं अभद्र कोणी बोलते का पोरी, म्हणतात. म्हणतात, ये