पंधरा तासांची वाट

बाबा,

मामाला घेऊन विमानतळावर निघालेय. दादाच्या मृत्यूचा दाखला माझ्या पर्समध्ये आहे, शोधत बसू नका. प्रवासी बाहेर येतात त्या दाराशी कुणाला पाठवू नका, पेटी मालाच्या गोदामातून मिळते.

आईला नऊची गोळी द्या. जागी झाली की विमान कुठवर आलं हेच विचारेल. तिकडून इथवर बारा हजार किलोमीटर, पंधरा तास, हे तिला तोंडपाठ झालंय. त्याच्या खोलीतला पंखा पुसायला सांगेल. पुसा, वाद घालू नका.

कागदांपायी अकरा दिवस गेले आणि रोज आपण तिला विमान रद्द झालं म्हणून सांगत आलो. तुम्ही जन्मभर डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्यात, एका मिनिटाची थाप कुणाची खपवून घेतली नाहीत. काल तुम्ही अडखळलात म्हणून मी तुमच्यावर खेकसले. चुकलं माझं.

आज खोटं बोलायचं नाहीये. विमान सहा दहाला उतरलं, अगदी वेळेवर. तेवढंच सांगा. पुढचं मी येऊन सांगते.

थोरली